साडेतीन बाय सहाचं शहर

लेव्हलकाकांच्या मेव्हणीचं खुब्याचं हाड मोडलं आणि त्यामुळे एक अख्खं शहर बेघर झालं.

मेव्हणीबाई एकट्या राहायच्या. ऑपरेशननंतर त्यांनी कायमचंच धाकट्या बहिणीकडे यावं असं ठरलं. ठरलं म्हणजे काकूंनी ठरवलं आणि काकांना जेवताना कळवलं. काकांची ना नव्हती. मेव्हणीबाई स्वभावाने गरीब, बोलायला कमी, आणि काकांच्या त्याच त्या विनोदाला दरवेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखी हसून दाद देणाऱ्या जगातल्या एकमेव बाई. अडचण एवढीच होती की घराला खोल्या दोन. एकीत काका-काकू राहत आणि दुसरीत शहर.

"रविवारी ताई येतेय," काकू म्हणाल्या. "तोवर ते हलवा."

"ते म्हणजे?"

"उगाच वेड पांघरू नका."

ते म्हणजे साडेतीन फूट रुंद आणि सहा फूट लांब फळ्यांवर कागदाचा लगदा, खडूची पूड आणि डिंक यांतून उभं केलेलं हे सगळं शहर. वरच्या अंगाला टेकडी, टेकडीवर तलाव, खालच्या अंगाला नदी, मध्ये झाडून सगळे रस्ते आणि तांदळाच्या दाण्याएवढी घरं. काका एकतीस वर्षं पाणीपुरवठा खात्यात आरेखक होते. दिवसभर शहराचे नकाशे काढून दमलेला माणूस संध्याकाळी घरी येऊन पाय पसरतो. काका घरी येऊन पुन्हा तेच शहर करायला बसत. असं अकरा वर्षं चाललं. निवृत्त होऊनही आता चौदा वर्षं झाली होती, तरी रोज सकाळी ते त्या खोलीत जाऊन मऊ ब्रशने रस्ते झाडत. खऱ्या शहरातले रस्ते इतके नियमित कधीच झाडले गेले नाहीत. काकूंना त्या खोलीत ओला फडका न्यायची सक्त मनाई होती. सगळा कारभार डिंकाचा आणि जलरंगांचा. पेला लवंडला असता तर दोन-तीन वस्त्या गेल्या असत्या.

लेव्हलकाका हे नाव इमारतीने दिलेलं. त्यांच्या शर्टाच्या खिशात कायम एक पाणसळ असे, ती आत बुडबुडा असलेली काचेची नळी. कुणाकडे गेले की आधी टेबलावर ती ठेवायची, बुडबुडा बघायचा आणि मग बसायचं. टेबल कलतं निघालं तर बोलून दाखवायचं. त्यामुळे लोक त्यांना कमी बोलवत, ही गोष्ट वेगळी.

शहर हलवायचं आहे ही बातमी सोमवारी दुपारपर्यंत चारही मजल्यांवर पोचली आणि सल्ल्यांना सुरुवात झाली. इमारतीच्या सेक्रेटरींनी आपल्याकडे सर्व प्रश्नांवर असतं ते एकच उत्तर दिलं, गच्चीवर ठेवा. उघड्या गच्चीवर डिंकाचं शहर! काकांनी फक्त त्यांच्याकडे पाहिलं. पहिल्या मजल्यावर डेंटिस्टबाईंचा दवाखाना होता. त्या मनाने उदार. त्या म्हणाल्या, "काका, माझ्या वेटिंगमध्ये एक भिंत रिकामी आहे. फ्रेम करून टांगू या. पेशंटना तेवढाच विरंगुळा."

"भिंतीवर?" काकांचा आवाज चिरकला. "म्हणजे उभं?"

"हो. का?"

"अहो, शहर उभं केल्यावर पाणी कुठून कुठे जाणार?"

यात पाणी नाहीच आहे, हे डेंटिस्टबाईंच्या ओठांवर आलं होतं. पण दुसऱ्याचं तोंड उघडं ठेवूनही त्याला गप्प कसं ठेवावं, हे ज्यांना धंद्यामुळे कळतं त्यांना आपलंही बंद ठेवता येतं. त्यांनी मोबाइलवर एक जाहिरात टाकून दिली. 'डोंगर, तलाव व नदी, हाताने केलेले, उत्तम स्थितीत, फुकट.'

मंगळवारी एक गृहस्थ आले. त्यांना खेळण्यातल्या आगगाड्यांचा नाद होता. त्यांनी शहराभोवती दोन प्रदक्षिणा घातल्या, "वा, वा" म्हणाले, आणि काकांचा जीव थोडा भांड्यात पडला. मग गृहस्थांनी खिशातून टेप काढली.

"टेकडीतून बोगदा पाडावा लागेल," ते म्हणाले. "आणि हा तलाव बुजवला तर तिथे स्टेशन फार छान बसेल."

काकांनी पाणीसुद्धा न विचारता त्यांना दारापर्यंत सोडलं. दार लावल्यावर टेकडीवरून एकदा ब्रश फिरवला आणि काकूंना म्हणाले, "तलाव बुजवणार म्हणे. सगळ्या गावाला पाणी कुठून पाजणार, त्याच्या इंजिनातून?"

"रविवारी ताई येतेय," काकू म्हणाल्या.

बुधवारी काका इस्त्रीचा शर्ट घालून आपल्या जुन्या ऑफिसात गेले. त्यांच्या मनात असं होतं की ऑफिसने शहर सन्मानाने ठेवून घ्यावं. प्रवेशाशी, काचेत, खाली नावाची लहानशी पट्टी. पट्टीचा मजकूरही त्यांनी मनात तयार करून ठेवला होता. आवक टेबलावर एक नवा कारकून होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं,

"वस्तू इथून कधी नेली होती?"

"नेली नव्हती. मी केली."

"मग परत कशी करता?"

"परत नाही हो, देतोय."

"डेड स्टॉक रजिस्टरला नोंद नसेल तर मला आत घेता येत नाही," कारकून म्हणाला. "आणि नोंद असती, तर इतकी वर्षं वस्तू तुमच्या घरी काय करत होती, हे विचारावं लागलं असतं."

काकांना या बोलण्यात कुठेच फट सापडेना. मनातून तर त्यांना त्या पोराचं कौतुकच वाटलं. आपल्या वेळी इतका पक्का माणूस त्या टेबलावर नव्हता.

"यातल्या उंच्या कुठून घेतल्यात? ऑफिसच्या नकाशांवरून?" कारकुनाने विचारलं.

इथे काकांचा पाय घसरला. नकाशांचा विषय निघाला की त्यांना राहवत नसे. "ऑफिसच्या नकाशांवरून? त्यात निम्म्या उंच्या अंदाजाने ठोकल्यात! मी गल्लीन् गल्ली स्वतः मोजलीय. दर रविवारी, उंच्या मोजायची दुर्बीण लावून."

"दुर्बीण कुणाची?"

"ऑफिसची," काका म्हणाले, आणि म्हटल्याबरोबर त्यांना कळलं.

शुक्रवारी पत्र आलं. शासकीय दुर्बिणीचा सुट्टीच्या दिवशी खाजगी कामासाठी वापर केल्याबद्दल आपणांवर कारवाई का करू नये, याचा खुलासा सात दिवसांत करावा. एकतीस वर्षांच्या नोकरीत काकांना साधा मेमो मिळाला नव्हता. रजेचा अर्जसुद्धा ते आदल्या दिवशी देत. आणि आता, चौदा वर्षं पेन्शन खाऊन झाल्यावर, कारणे दाखवा! ते पत्र घेऊन ते शहराच्या खोलीत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. काकूंनी आत डोकावलं तर ते स्टुलावर बसून होते आणि टेकडीकडे बघत होते. काकू दारातच थांबल्या. मग आवाज न करता परत फिरल्या. त्या दिवशी त्यांनी ताईचं नाव काढलं नाही.

शनिवारी काकांनी स्वतःच विषय काढला. "कुणाला नकोय ते," ते म्हणाले. "टाकून देऊ."

पण टाकून देणं हे काही आपल्या हातात नसतं. त्याला परवाना लागतो. कचरा खात्याच्या खिडकीवरच्या बाईंनी अर्ज पुढे केला. 'वस्तूचे वर्णन' या रकान्यात काकांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं, शहर.

"असं चालणार नाही," बाई म्हणाल्या. "कशाचं बनलंय?"

"लाकूड, कागद, खडू, डिंक."

"मग वर्गीकरण करून आणा. लाकूड वेगळं, कागद वेगळा."

"बाई, अकरा वर्षं लागली हे एकत्र करायला," काका म्हणाले. "वेगळं करायला निदान पाच तरी द्या."

बाईंनी चष्म्यावरून काकांकडे पाहिलं. काय दिसलं कोण जाणे, त्यांनी काकांचा शब्द खोडला आणि स्वतःच्या हाताने लिहिलं, 'जुने फर्निचर (डोंगरासह)'. शिक्का मारला. रविवारी सकाळी अकरा वाजता टेम्पो येणार असं ठरलं.

रविवारी नऊला सुतार आणि चार हमाल हजर झाले. सुताराने दाराला टेप लावली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"काका, हे दारातून निघत नाही. आत आलं कसं?"

"आलं नाही. इथेच झालं."

चौकट काढावी लागली. लिफ्टमध्ये सहा माणसं मावत, पण शहर मावत नव्हतं. एका अंगावर उभं करून न्यावं असं हमालांचं म्हणणं पडलं. काकांनी ते मोडीत काढलं. इतक्या वर्षांत डिंक वाळून ठिसूळ झाला होता, जरा कललं की टेकडी सुटली असती. वास्तविक दोन तासांनी ते सगळं कचऱ्यात जायचं होतं. पण कचऱ्यात जाणारी टेकडीसुद्धा टेकडीसारखी जावी, असं काकांचं मत होतं, आणि हमालांनी त्यांच्या चेहऱ्याकडे बघून वाद घातला नाही. तलावावर पाणसळ ठेवून काका बाजूने उतरू लागले. "पुढचे दोघं, वर! अजून वर! नदीकडून अर्धा इंच खाली! अरे, बुडबुडा बघा, बुडबुडा!" पुढच्या हमालांना बुडबुडा दिसत नव्हता, कारण शहर त्यांच्या डोक्यावर होतं.

दुसऱ्या आणि पहिल्या मजल्याच्या मधल्या वळणावर ते अडकलं. ना पुढे, ना मागे. खालून डेंटिस्टबाईंचे दोन पेशंट गलका ऐकून वर आले होते, त्यातला एक गाल धरून. वरून चौथ्या मजल्यावरच्या आजी काठी टेकत खाली येत होत्या. नव्वदीच्या आजी रोज या वेळी आवारातल्या उन्हात बसत. लिफ्टवर त्यांचा विश्वास नव्हता. मागून सेक्रेटरी ओरडत आले, "अहो, जिना सार्वजनिक आहे!" आणि वरच्या पायरीवरून त्यांची नजर खाली गेली.

ते दोन पायऱ्या उतरले आणि वाकले.

पंचवीस वर्षांच्या शेजारात शहर कुणी नीट पाहिलंच नव्हतं. काकांच्या घरी मोठा नकाशा आहे, एवढीच सगळ्यांची समजूत. आता ते जिन्याच्या खिडकीतल्या उन्हात, छातीच्या उंचीवर अधांतरी थांबलं होतं. प्रत्येक गल्लीला स्वतःची सावली पडली होती.

"ही... ही माझी शाळा," सेक्रेटरी म्हणाले. त्यांचा आवाज सेक्रेटरीचा राहिला नव्हता. "मागचं मैदानसुद्धा आहे. ते उताराचं मैदान! चेंडू नेहमी खालीच जायचा."

"तीन फूट दोन इंचांचा उतार," काका म्हणाले. "इथे पाचपट करून दाखवलाय, नाहीतर डोळ्याला कळत नाही."

गाल धरलेल्या पेशंटने गाल सोडला आणि बोट पुढे केलं. त्याला त्याचं घर सापडलं होतं. मागून-पुढून लोक वाकून बघू लागले. ज्याला आपलं घर सापडे तो शेजारच्याला हलक्या आवाजात दाखवी. देवघरात बोलावं तसे सगळे बोलत होते. डोक्यावर शहर धरलेल्या पुढच्या हमालाने शेवटी विचारलं, "आम्हाला कधी दाखवणार?"

"हे सगळं तुम्ही एकट्याने मोजलंत?" डेंटिस्टबाईंनी विचारलं. त्याही वर आल्या होत्या.

"दुर्बिणीमागे मी," काका म्हणाले. "समोर आकड्यांची पट्टी धरून उभं राहायला ही होती. दर रविवारी."

सगळ्यांनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी पदर सारखा केला. "लग्नानंतर आमचं फिरणं म्हणजे तेच," त्या म्हणाल्या. "बाकीच्या बायका बागेत जायच्या. मी चौकात खांबासारखी उभी."

शेवटी कठड्यावरून उचलून, हवेतच वळवून, शहर खाली आलं. आवारात चार स्टुलांवर ठेवलं. काकांनी एका स्टुलाखाली घडी केलेला कागद सारला आणि बुडबुडा मध्यावर आणला. तोवर सगळी इमारत खाली उतरली होती. हमाल आपापली घरं शोधत होते. सेक्रेटरींनी तर ठराव मांडला. टेम्पो परत पाठवायचा, प्रवेशाशी काचेची पेटी करायची, खाली काकांच्या नावाची पट्टी लावायची. काही झालं तरी हे टाकायचं नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

हेच तर काकांना हवं होतं. इतकी वर्षं हवं होतं.

आजी मात्र खुर्चीत बसून टेकडीपासून नदीपर्यंत हळूहळू नजर फिरवत होत्या. "बाळा," त्यांनी विचारलं, "यात पाणी सोडलं तर वाहतं का रे?"

काका वळले. काचेचं, फ्रेमचं, बोगद्याचं सगळ्यांनी विचारलं होतं. हे कुणीच विचारलं नव्हतं.

"वाहायला हवं, आजी."

"कधी बघितलं नाहीस?"

"एकदाच बघता येईल," काका म्हणाले. "मग हे राहणार नाही."

काका शहराकडे बघत उभे राहिले. एकीकडे काचेची पेटी होती, नावाची पट्टी होती, येणारा-जाणारा प्रत्येक माणूस थांबून बघणार होता. आणि एकीकडे एक प्रश्न होता. आपण मोजलेलं खरं होतं का? हे शहर खरंच या शहरासारखं होतं, की नुसतं तसं दिसत होतं? तो प्रश्न रोज सकाळी ब्रश फिरवताना त्यांच्या मनात येत असे आणि रोज ते भिऊन तो बाजूला सारत असत.

त्यांनी काकूंकडे पाहिलं. त्या गेल्या आणि झाडांना पाणी घालायची झारी भरून घेऊन आल्या. "सावकाश," एवढंच म्हणाल्या.

"अहो काका, ठराव झालाय!" सेक्रेटरी ओरडले.

काकांनी तलावात पाणी सोडलं. तलाव भरला, काठाशी क्षणभर थांबला आणि सांडला. पाण्याची एक बारीक रेघ टेकडी उतरली. ती बाजाराच्या रस्त्याला लागली, काकांच्या मनात होतं तशी, अगदी तशी. चौकात डावीकडे वळून ती आता नदीला मिळणार होती. पण चौकात पाणी अडलं. साचलं. आणि डावीकडे न वळता उजवीकडे, शाळेच्या मागून, घरांच्या मधून, जिथे कुठल्याही नकाशावर काहीही नाही अशा जागेतून शांतपणे चालू लागलं.

काकांनी झारी खाली ठेवली. "चुकलं," ते पुटपुटले. "उंची चुकली. कुठेतरी चुकली."

"चुकली नाही!" काकू एकदम म्हणाल्या. "इथेच मला तीनदा उभं केलंत. या शाळेच्या मागे. आकडा दीड फूट खाली येतोय, तू पट्टी सरळ धरत नाहीस, म्हणून माझ्यावर ओरडलात. तीनदा तोच आकडा आला. शेवटी तुम्हीच म्हणालात, आपल्याला काय वाटतं ते नाही लिहायचं, दुर्बीण सांगते ते लिहायचं."

आणि तेवढ्यात आजी उठल्या. काठी न घेता उठल्या.

"अगं बाई, हा तर आमचा ओढा!" त्या म्हणाल्या. "इथं ओढा होता. माझं लग्न झालं तेव्हा होता. शाळा बांधताना बुजवला. असाच जायचा, असाच वळायचा. इथं आम्ही धुणी धुवायचो." त्यांनी बोट त्या रेघेपर्यंत नेलं आणि पाण्यात बुडवलं.

काका तोंडात बोट घालून बघत राहिले. त्यांनी तो ओढा केला नव्हता. त्यांना तो ठाऊकसुद्धा नव्हता. वरून माती टाकली, शाळा बांधली, रस्ते झाले, नकाशावरून नाव गेलं, तरी जमीन तो विसरली नव्हती. दीड फूट खोलगट राहून वाट बघत होती. आणि एका रविवारी चिडलेल्या बायकोने धरलेल्या पट्टीवरून ती गोष्ट काकांच्या वहीत आली होती, वहीतून हातात आणि हातातून लगद्यात. फक्त त्यांनाच त्याचा पत्ता नव्हता. काकांना आपल्या कामाचा अभिमान कायम होता, पण आता जे वाटत होतं ते अभिमानापेक्षा फार मोठं होतं आणि त्यात त्यांचा वाटा फार लहान होता. त्यांचे डोळे भरून आले आणि ते त्यांनी पुसलेही नाहीत.

पाणी ओढ्यातून पुढे जाऊन खूप खाली नदीला मिळालं. आता कडेची घरं भिजून सुटू लागली होती. रस्त्यांचे रंग एकमेकांत मिसळत होते. टेकडीला पहिली भेग गेली. काकांनी ती पाहिली, आणि झारीत उरलेलं पाणी तलावात ओतलं.

फाटकाशी टेम्पोवाल्याने दोनदा हॉर्न वाजवला. कुणी आलं नाही म्हणून इंजिन चालू ठेवूनच तो परवान्याचा कागद घेऊन आत आला आणि गर्दीतून वाट काढत काकांपर्यंत पोचला.

"जुनं फर्निचर तुमचंच ना?" त्याने विचारलं. "भरायचं का?"

"भरू," काका म्हणाले. "जरा थांब. अजून वाहतंय."

टेम्पोवाल्याने त्यांच्या खांद्यावरून वाकून बघितलं. मग तो मागे गेला आणि इंजिन बंद करून आला.